दर मार्चला पाल्याच्या गोण्या गेटवरच का साठतात, आणि त्यावर उपाय काय

फेब्रुवारी संपत आला की पुण्यातल्या झाडांच्या जुन्या सोसायट्यांत हे सुरू होतं. पेल्टोफोरम, रेनट्री, पिंपळ, देशी बदाम असे सगळे थोड्याफार फरकाने पानं टाकायला लागतात. झाडणारे मामा सकाळी खराट्याने अंगण झाडून गोण्या भरतात आणि गेटशेजारी लावून ठेवतात. कचऱ्याची गाडी येते, ओला नेते, सुका नेते, गोण्या तिथेच राहतात. पंधरा दिवसांत गेटपाशी भिंत उभी राहते. मग कोणीतरी त्या गोण्या सोसायटीच्या कंपोस्टच्या टाकीत रिकाम्या करतं किंवा रात्री मागच्या कोपऱ्यात काडी लागते. धूर, ग्रुपवर वादावादी, पालिकेत फोनाफोनी, शेवटी पैसे देऊन बोलावलेला टेम्पो. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून.

याच सोसायटीत जुलैमध्ये दुसरी तक्रार असते. कंपोस्टच्या टाकीला वास मारतो, अळ्या झाल्यात, तळमजल्यावरच्यांना खिडकी उघडता येत नाही. ही तक्रार वेगळी समजली जाते, तिच्यासाठी वेगळी मीटिंग होते आणि कोणीतरी महागडी पावडर सुचवतं.

माझ्या मते या दोन तक्रारी एकाच दुखण्याच्या आहेत. मार्चमध्ये सुकी पानं नकोशी होतात आणि जुलैत टाकीला नेमकी तीच हवी असतात. मार्चचा पाला पावसाळ्यापर्यंत कोरडा टिकवला, तर गाडीची वाट बघावी लागत नाही आणि टाकीही वास मारत नाही. खाली जे लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीभोवतीचं आहे: साठवायचं कसं, वापरायचं कसं, आणि मध्येच बिघडलं तर कारण कसं शोधायचं.

गाडी पाला का नेत नाही

गाडीवरच्या ताईंशी भांडून उपयोग नाही, त्यांचं म्हणणं रास्त असतं. सुटी पानं नुसती जागा खातात. एक घनमीटर जागेत पन्नास-साठ किलो पाला मावतो, तेवढ्याच जागेत ओला कचरा चार-पाचशे किलो बसतो. दोन सोसायट्यांचा पाला घेतला की गाडी भरली, पुढच्या गल्लीतल्यांचा ओला कचरा राहिला.

दुसरं कारण फारसं कोणी सांगत नाही. शहरातला ओला कचरा काही ठिकाणी बायोगॅस प्रकल्पात जातो. पानांत आणि काड्यांत लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा घटक, भरपूर असतं. बंद टाकीत, हवेशिवाय काम करणाऱ्या जिवाणूंना ते पचत नाही. पाला आत गेला तर वर तरंगतो, थर धरतो, पाइप आणि पंप तुंबवतो. म्हणजे ओल्याच्या डब्यात दडवून पाला पाठवणं हे पुढच्या प्रकल्पाचं नुकसान आहे.

नियमही तेच सांगतात. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत बागेचा कचरा ज्याचा त्याने आपल्याच आवारात वेगळा साठवावा आणि स्थानिक संस्थेच्या सूचनेप्रमाणे त्याची विल्हेवाट लावावी, असं म्हटलं होतं. पालिकेनेही आपल्या बागांमधला पाला शक्यतो बागांमध्येच जिरवावा आणि रस्ता झाडणाऱ्यांनी पानं जाळू नयेत, हेही त्यात होतं. ओला, सुका आणि घातक हे तीन प्रकार आपल्या तोंडी बसले, पण बागेचा कचरा हा स्वतंत्र प्रकार आहे हे फार थोड्या सोसायट्यांनी मनावर घेतलं.

मधूनमधून पालिकेची फक्त पाल्यासाठीची गाडी येत असेल, तर तिचा वार आरोग्य कोठीतून (पालिकेच्या आपल्या भागातल्या सफाई कार्यालयातून) विचारून नोटीस बोर्डावर लावा. पण तिच्या भरवशावर पूर्ण हंगाम काढायचा विचार करू नका. मार्चमध्ये सगळ्या शहराचा पाला एकदमच पडतो.

आधी एक गोणी उघडून बघा

हे काम कमिटीतल्या कोणीतरी स्वतः, हातमोजे घालून करावं. गेटवरची कुठलीही एक गोणी जमिनीवर उपडी करा. वर छान पानं असतात. मध्ये दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरे, गुटख्याच्या पुड्या, बिस्किटांचे कागद, फुलपुडीचा दोरा. तळाशी वाळू, सिमेंटचे खडे, एखादी फुटकी टाइल. पाला वाहणारा कोणीही अशी गोणी नाकारणारच, मग तो गाडीवाला असो की खतासाठी पाला शोधणारा बागप्रेमी. टाकीत टाकली तर सहा महिन्यांनी खत चाळताना हेच सगळं वर येतं.

याला उपाय झाडण्याच्या क्रमात आहे. मामांना सांगायचं: आधी चिमट्याने किंवा हाताने प्लास्टिक वेचा, मग खराटा. पार्किंग आणि रस्त्यावरची झाडलोट वेगळ्या गोणीत, झाडांखालचा पाला वेगळ्या. पार्किंगमधल्या केरात ऑइल आणि वाळू असते, तो पाल्यात मिसळायचाच नाही. सुरुवातीला वेळ जास्त लागतो. त्या वेळेचे पैसे मामांना द्या, ते टेम्पोपेक्षा स्वस्तच पडतात.

आणि एक मनापासून विचारावंसं वाटतं. झाडाखाली मातीवर पडलेलं पान झाडायचंच कशाला? वाटेवरचं, गटाराच्या तोंडावरचं, पायऱ्यांवरचं झाडावं. मातीवरचं तिथेच राहू द्यावं. कित्येक सोसायट्यांत झाडाच्या बुंध्याभोवतीची माती रोज खराट्याने खरडून अशी काही घट्ट केलेली असते की पाणी आत जात नाही, वरून वाहून जातं. मग मे महिन्यात झाड सुकलं म्हणून टँकरचं पाणी. दोन-तीन इंच पाल्याचं आच्छादन राहिलं तर ओल टिकते, खाली गांडुळं येतात, पाणी कमी लागतं. फक्त पाला खोडाला चिकटून रचू नका. बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवा, नाहीतर साल सडते. या एका बदलाने गोण्यांची संख्या बघता बघता कमी होते.

किती साठवायचं

ओल्या कचऱ्यात नत्र जास्त आणि पाणी भरपूर, पाल्यात कर्ब जास्त आणि पाणी जवळपास नाही. जिवाणूंना दोन्ही लागतं, साधारण पंचवीस-तीस भाग कर्बाला एक भाग नत्र. सुक्या पानांचं हेच प्रमाण झाडाप्रमाणे चाळीस ते ऐंशीच्या दरम्यान असतं, स्वयंपाकघरातल्या कचऱ्याचं पंधरा-वीसच्या आसपास. हिशेब केला तर तीन किलो ओल्या कचऱ्याला सुमारे एक किलो कोरडा पाला लागतो. वजन करत बसायचं नसेल तर चुरलेला पाला घमेल्याला घमेलं, न चुरलेला असेल तर एका घमेल्याला तीन घमेली.

समजा चाळीस घरांची सोसायटी आहे आणि रोज वीस किलो ओला कचरा टाकीत जातो. रोज सात किलो पाला लागेल, महिन्याला दोनशे किलोंच्या वर. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी आठशे किलोंच्या आसपास. चुरून ठेवला तर हा साठा दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद, दोन मीटर उंच एवढ्या जागेत बसतो. आवारात अशी जागा नाही असं म्हणणाऱ्या बहुतेक ठिकाणी भंगार सायकलींनी त्याहून जास्त जागा अडवलेली असते.

हा आकडा आपल्या सोसायटीसाठी एकदा काढा. साठ्याला किती हवं ते कळलं की उरलेला पाला किती बाहेर द्यायचा तेही ठरतं, आणि गाडी आली की नाही यावरचं अवलंबन संपतं.

कसं साठवायचं

वेल्डमेश जाळीचे गोल किंवा चौकोनी पिंजरे सगळ्यात सोयीचे. तळाला विटा किंवा जुनी लाकडी पॅलेट ठेवा, म्हणजे जमिनीची ओल वर चढत नाही. मे अखेरीस वरून ताडपत्री घट्ट बांधा. बाजूने हवा खेळू द्या.

सिमेंटच्या किंवा खताच्या प्लास्टिक गोण्यांत साठवू नका. उन्हात त्या दोन-तीन महिन्यांत विरतात. उचलायला जावं तर हातात चिंध्या येतात आणि पांढरे बारीक धागे पाल्यात मिसळतात. ते धागे कुठल्याच चाळणीने निघत नाहीत, कुंडीपर्यंत जातात. ने-आण करायला गोणी चालेल, साठवणीला नको. तागाचं बारदान मिळालं तर उत्तम.

चुरण्यासाठी श्रेडर असला तर चांगलंच, पण नसला म्हणून अडत नाही. एप्रिलच्या दुपारी उन्हात कडक तापलेला पाला अर्ध्या गोणीत भरायचा आणि जाड बूट घालून वरून तुडवायचा. पाच मिनिटांत चुरा होतो. सकाळी दव असताना हेच करायला गेलात तर पान नुसतं चेपतं, मोडत नाही. हिरवळ कापायचं मशीन असेल तर पाला लॉनवर पातळ पसरून त्यावरून फिरवा. धूळ उडते, तोंडावर मास्क हवाच. जुना ढीग उपसण्याआधी काठीने चांगला ठोका, विंचू आणि साप दोघांनाही सुका पाला आवडतो.

आगीचं भान मात्र पक्कं ठेवा. पाल्याचा साठा मीटर रूम, ट्रान्सफॉर्मर, जनरेटर आणि पार्क केलेल्या गाड्या यांपासून लांब हवा. वॉचमनच्या बिडी ओढायच्या जागेपासूनही. पाण्याचा नळ जवळ असेल अशी जागा निवडा.

टाकी किंवा ढीग बिघडला तर

कारण शोधण्याआधी एक तपासणी करायची. ढिगात कोपरभर आत हात घालून मूठभर माल काढायचा आणि जोरात पिळायचा. एखाद-दुसरा थेंब आला तर ओल बरोबर आहे. धार लागली तर पाणी जास्त. काहीच आलं नाही आणि मूठ उघडल्यावर माल भुरभुरला तर कोरडा. टाकीच्या दहापैकी आठ तक्रारींचं उत्तर या मुठीत मिळतं, पावडर विकत घ्यायची गरज पडत नाही.

*सडक्या अंड्यासारखा वास.* पाणी जास्त, हवा कमी. पावसाळ्यातली मुख्य तक्रार हीच. वरचा थर उचलून बाजूला करा, आत कोरडा चुरा आणि थोड्या बोटभर जाडीच्या काड्या मिसळा, ढीग खालीवर करा. नुसता वरून पाला पेरला तर वास दोन दिवस दबतो आणि परत येतो, कारण आतला लगदा तसाच राहतो. टाकीच्या तळाशी काड्यांचा वीतभर थर नसेल तर पाणी निघायला वाटच नसते. टाकी रिकामी झाली की तो आधी घाला. लॉन कापल्यावरचं ताजं गवत एकगठ्ठा टाकलं तरी हाच वास येतो. गवत हिरवंगार असताना चिकट थर धरतं, म्हणून ते पसरून एक दिवस वाळवायचं किंवा पातळ थरांत पाल्याबरोबर टाकायचं. खरं तर बारीक कापलेलं गवत लॉनवरच सोडावं, तिथेच जिरतं.

*नाकात झोंबणारा, लघवीसारखा वास.* हा अमोनिया, म्हणजे नत्र जास्त झालं. पाला वाढवा. लगेच फरक पडतो.

*वास नाही, पण काहीच कुजत नाही.* फक्त पाल्याच्या ढिगाची ही ठरलेली कहाणी. पानं वर्षभराने तशीच, जरा काळपट. अशा वेळी तीन गोष्टी बघा. ढीग तीन फूट लांब, रुंद, उंच तरी आहे का? त्याहून लहान ढिगात ऊब टिकत नाही. ओल आहे का? सुका पाला पाणी पटकन धरत नाही, वरून पाइप मारला की पाणी बाजूने निघून जातं आणि आत कोरडं ठणठणीत राहतं. रचतानाच प्रत्येक थर भिजवावा लागतो. आणि नत्र आहे का? भाजीवाल्याकडचा मेथी-कोथिंबिरीचा टाकाऊ पाला, ताजं गवत, शेणकाला, यांतलं काहीतरी मिसळावंच लागतं. काहीच मिळत नसेल तर शंभर किलो सुक्या पाल्याला दीड किलो युरिया पाण्यात विरघळवून थरांवर शिंपडला तरी चालतो. पण गोठा जवळ असेल तर शेणच घ्या, त्याबरोबर जिवाणूही येतात. आधीच्या खतातलं एक घमेलं विरजण म्हणून टाकलं तर सुरुवात लवकर होते.

नीट जमलेला ढीग तीन-चार दिवसांत आतून ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो. हात आत ठेववत नाही. त्या तापमानात तणांचं बी मरतं आणि बऱ्याच रोगांची बीजं नष्ट होतात. मग तो थंड व्हायला लागला की उलटा करा, बाहेरचं आत घाला, पुन्हा तापेल. असा ढीग दोन-तीन महिन्यांत खत देतो. नुसता पाला ओलसर ठेवून सोडून दिला तर सहा महिने ते वर्ष लागतं, तोही वाईट मार्ग नाही, घाई नसेल तर.

*पांढरी बुरशी दिसते.* काहीही करू नका. काम चाललंय. पावसानंतरच्या मातीचा जो वास येतो तो यातल्याच काही सूक्ष्मजीवांचा असतो.

*अळ्या.* यावर जरा थांबून लिहितो, कारण अळी दिसली की लोक कीटकनाशक मारतात आणि मग अख्खा ढीग मरतो. आधी अळी नीट बघा.

चपटी, करड्या-तपकिरी रंगाची, कडक सालीची, खंड पडलेली अळी ही काळ्या सैनिक माशीची. ती ओल्या कचऱ्याचा फडशा पाडते, ही माशी घरात अन्नावर येऊन बसत नाही आणि चावत नाही. ती खूप झाली याचा अर्थ ओला कचरा उघडा पडतोय. रोज टाकलेल्या कचऱ्यावर दोन इंच पाला पसरा, संख्या आपोआप कमी होईल. पांढरी, एका टोकाला निमुळती, मऊ अळी ही साध्या घरमाशीची. तिच्यावरही उपाय तोच, झाकण आणि पाला.

तिसरी अळी जुन्या, अर्धवट मुरलेल्या पाल्यात सापडते. अंगठ्याएवढी जाड, दुधाळ रंगाची, डोकं तपकिरी, हातात घेतली की इंग्रजी सी अक्षरासारखी वळून पडते. बघितल्यावर अंगावर काटा येतो. या भुंग्यांच्या अळ्या. बऱ्याचशा फक्त कुजलेलं खातात आणि ढिगात असेपर्यंत मदतच करतात. पण त्यांतल्या हुमणीसारख्या काही जिवंत मुळं खातात, आणि गेंडा भुंग्याची असेल तर पुढे होणारा भुंगा माडाच्या शेंड्यात शिरून कोवळा कोंब पोखरतो. म्हणून आवारात माड असतील, किंवा तुम्ही कोकणात नाहीतर गोव्यात असाल, तर शेणमिश्रित पाल्याचा ढीग महिनोन्‌महिने न हलवता ठेवू नका. उलटताना या अळ्या वेचून काढा. वेचलेल्या अळ्या पसरून ठेवल्या की साळुंक्या आणि भारद्वाज त्यांचा निकाल लावतात. खत कुंडीत घालण्याआधी चाळून घ्या, म्हणजे एखादी राहिलेली अळी रोपाच्या मुळाशी जाणार नाही.

*मुंग्या* म्हणजे ढीग कोरडा. पाणी घाला. *वाळवी* लाकूड आणि पुठ्ठ्यासाठी येते, म्हणून ढीग इमारतीच्या भिंतीला टेकवू नका आणि लाकडाचे ओंडके त्यात ठेवू नका.

*पावसाळ्यात मोठ्या गोगलगायी.* आफ्रिकन गोगलगाय आता पुण्या-मुंबईच्या बागांत सगळीकडे आहे आणि ओला पाला तिचं घर. संध्याकाळी हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाका. उघड्या हाताने उचलू नका, तिच्यातून माणसाला अपायकारक कृमी येऊ शकतात. मुलांना आवर्जून सांगा.

कुठला पाला, किती वेळ

सगळी पानं सारखी नसतात आणि इथेच अनेक सोसायट्यांचा अंदाज चुकतो. रेनट्री, गुलमोहर, पेल्टोफोरम यांची पर्णिका बारीक असते, ती सर्वांत लवकर मुरतात. चुरायचीही गरज नाही. पिंपळ, बदाम, कडुनिंब मधल्या गटातले. आंबा, फणस, वड, सोसायट्यांच्या कुंपणाला लावलेला उंच अशोक यांची पानं चामड्यासारखी, मेणाचा थर असलेली. ती न चुरता टाकली तर वर्षानंतरही ओळखू येतात. ती वेगळी साठवा आणि शक्यतो आच्छादनाला वापरा, तिथे सावकाश कुजणं हाच फायदा आहे.

गुलमोहराच्या आणि पेल्टोफोरमच्या शेंगा पाल्यात मिसळू नका. सुबाभळीच्या तर मुळीच नको, पुढच्या पावसात प्रत्येक कुंडीत सुबाभूळ उगवेल. गाजर गवत, जे १९५० च्या दशकात पहिल्यांदा पुण्यात नोंदलं गेलं आणि मग देशभर पसरलं, ते फुलायच्या आधी उपटलं तरच टाकीत टाका. उपटताना हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट, अनेकांना त्याची त्वचेची ॲलर्जी येते. कण्हेरीची छाटणी विषारी असते. ती गाईगुरांसमोर जाईल अशी उघड्यावर टाकू नये आणि जाळू तर अजिबात नये.

बोगनवेल आणि लिंबाच्या काटेरी फांद्या वेगळ्या बांधा. पाला तुडवणाऱ्या माणसाच्या पायात त्या जातात.

झावळ्या आणि फांद्या

गेटवरच्या अर्ध्या भांडणांचं मूळ झावळ्या. नारळाची किंवा रॉयल पामची झावळी टाकीत मावत नाही, गाडीत मावत नाही आणि साध्या श्रेडरमध्ये घातली तर तिचे धागे दांड्याभोवती गुंडाळले जाऊन मशीन बंद पडतं. श्रेडर घ्यायचा असेल तर विक्रेत्याला आपल्याच आवारातली झावळी घालून दाखवायला सांगा. माहितीपत्रकावर विश्वास ठेवू नका.

नारळाच्या झावळीचे हीर काढून खराटे होतात. एखादा खराटे बांधणारा ओळखीचा असेल तर तो आनंदाने नेतो. कोकणात चुडतं विणून झाप करतात, तिथे हा प्रश्नच येत नाही. शहरात पर्याय म्हणजे कोयत्याने हातभर तुकडे करून बागेच्या वाफ्यांना कडेला रचणं, किंवा टाकीच्या तळाला काड्यांच्या थरात वापरणं. पामचं जाड बूड मात्र वर्षानुवर्षं तसंच राहतं, ते वेगळं द्यावं लागतं.

फांद्यांबाबत आधी परवानगीचं बघा. झाड आपल्या आवारात असलं तरी १९७५ च्या महाराष्ट्र वृक्ष जतन कायद्याखाली शहरात ते तोडायला पालिकेची परवानगी लागते, आणि मोठी छाटणीही उद्यान विभागाला कळवून, परवानगी घेऊनच करावी. बहुतेक पालिकांत झाडाचं काम उद्यान विभागाकडे आणि कचऱ्याचं घनकचरा विभागाकडे असतं. छाटलेल्या फांद्या मग दोघांच्या मध्ये पडून राहतात. म्हणून परवानगीच्या अर्जातच लिहा की फांद्या कोण उचलणार आणि कधी. खासगी माळ्याला किंवा कंत्राटदाराला काम देत असाल तर उचलण्याचे पैसे दरात धरून घ्या आणि फांद्या नेल्यावरच शेवटचा हप्ता द्या. हे काम एप्रिलमध्ये उरकावं. जूनच्या पहिल्या वादळानंतर सगळ्या शहराच्या फांद्या रस्त्यावर असतात, तुमचा नंबर लागत नाही.

जाळू नका, आणि जाळू देऊ नका

"एवढासा तर पाला आहे" असं म्हणून जो ढीग पेटवला जातो तो भडकत नाही, धुमसतो. ओलसर पानांचा असा धूर तासन्‌तास जमिनीलगत राहतो. त्यात सूक्ष्म कण आणि कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि आधी म्हटलं तसं त्या ढिगात प्लास्टिकही असतं. दमेकरी, म्हातारी माणसं आणि पहिल्या मजल्यावरचं तान्हं बाळ यांना तो थेट लागतो. २२ डिसेंबर २०१६ रोजी राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळण्यावर देशभर बंदी घातली. साध्या प्रकाराला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली. पण दंडाची भीती दाखवून वॉचमनकाकांना किंवा मामांना गप्प करणं मला पटत नाही. गोण्या हलवायची जबाबदारी त्यांच्यावर टाकलेली असते आणि जागा दिलेली नसते, म्हणून ते काडी लावतात. पिंजरा उभा करून दिला की आग आपोआप थांबते.

उरलेला पाला कुणाला द्यायचा

साठा भरल्यावरही पाला उरला तर तो घेणारे शोधा, ते आहेत. पुण्यात अदिती देवधर यांनी सुरू केलेला 'ब्राऊन लीफ' हा उपक्रम नेमकं हेच करतो: ज्यांच्याकडे पाला जास्त आहे आणि ज्यांना बागेसाठी हवा आहे, त्यांची गाठ घालून देतो. गच्चीवर बाग करणारे तर पाल्याच्या शोधातच असतात. श्री. अ. दाभोळकरांच्या 'प्रयोग परिवार' या शेतीत प्रयोग करणाऱ्यांच्या गटापासून महाराष्ट्रात पालापाचोळ्यातून माती घडवणाऱ्यांची मोठी परंपरा आहे, आणि त्या वाटेने जाणाऱ्या माणसाला एक गोणी स्वच्छ पाला म्हणजे ठेवा वाटतो. अट एकच, पाला स्वच्छ हवा. प्लास्टिक निघालं की तो माणूस पुन्हा येत नाही.

देताना पोत्यावर झाडाचं नाव खडूने लिहा. आंब्याचा आणि रेनट्रीचा पाला घेणाऱ्याच्या दृष्टीने फार वेगळा असतो. रोपवाटिका, शाळेच्या बागा, गावाकडे शेत असलेले रहिवासी, सगळ्यांना विचारा. पुण्यात गांडूळखत प्रकल्प चालू असलेल्या मिळकतींना मिळकतकरात ५ टक्के सवलत मिळते. तुमच्या टाक्या चालू असतील तर ती मागा, त्या पैशांतून जाळी आणि ताडपत्री सहज निघते.

खत चाळताना

तयार खत गडद, भुसभुशीत असतं आणि त्याला मातीचा वास येतो. हात घातला तर गरम लागत नाही. अजून ऊब असेल तर थांबा, असं खत रोपाच्या मुळांना पोळवतं. वाळू चाळायची अर्ध्या इंची चाळणी पुरते. खत थोडं सुकल्यावर चाळा, ओलं असताना जाळीला लिंपतं. चाळणीवर काड्या, आंब्याची पानं, आंब्याच्या कोयी, नारळाच्या शेंड्या राहतात. त्यांतलं प्लास्टिक आणि धागे वेचून सुक्या कचऱ्यात द्या, बाकी सगळं पुढच्या टाकीच्या तळाशी पसरा. त्यावर जिवाणू आधीच बसलेले असतात, त्यामुळे तो थर निचराही करतो आणि विरजणाचंही काम करतो.